आढळले नाही

इतवारीतून आणलेली सोयावडीची तीन पाकिटं,
सरकीच्या तेलाची एक बाटली.
चारींवर मुंगीएवढ्या अक्षरांत: जनुकबदल नाही.

बाहेर सेहेचाळीस. एसी फक्त मशीनच्या खोलीला,
म्हणून हेडाऊ मॅडमची खुर्चीही तिथंच.
वडी कुटायची, चिमूट नळीत, पस्तीस फेऱ्या.
शोधायचा असतो फुलकोबीच्या एका रोगाचा तुकडा
कुणीतरी सोयाबीनच्या आत शिवलेला.

दोन पाकिटं गप्प.
तिसऱ्याची रेघ अठ्ठाविसाव्या फेरीला उठली,
मागच्या बाकावरच्या पोरानं
नको तेव्हा हात वर करावा तशी.
मॅडमनी परत लावून पाहिलं. परत उठली.
लेबल कात्रीनं कापून फाईलला टाचलं.

बाटलीचं मात्र काहीच नाही.
तेल इतकं गाळलेलं, इतकं तापवलेलं
की त्याला आपलं बी आठवत नाही.

"मंग 'नाही' लिहू का जी?" शिकाऊ उकेनं विचारलं.
"'आढळले नाही' लिही."
"एकच तं झालं."
मॅडम हसल्या नाहीत.
"आपण बियाला विचारलं नाही, उके. तेलाला विचारलं."

दीड वाजता डबा उघडला.
वांग्याची भाजी, वर बोटभर तर्री,
लाल,
आरपार दिसणारी.