पेला ठेवून शून्य

तुर्भ्याच्या बाजारातून आणलेला काटा
ओट्यावर ठेवला, सेल घातले,
आणि चांगुणाबाईंना म्हटलं,
आई, तुमचा पेला द्या.

सीवुड्सच्या केटररला पाकिटावर ग्रॅम हवेत.
हळदीच्या वड्यांचं तयार पीठ,
मागे कृती, तीही ग्रॅममध्ये.
'पेलाभर म्हणजे कुणाचा पेला, मॅडम?'
प्रश्न बरोबर होता, म्हणूनच राग आला.

हा पेला. पितळेचा, कडेला एक पोचा.
मी ह्या घरात आले तेव्हा उंबऱ्यावर
तांदूळ भरून हाच ठेवला होता.
पोचा तुझ्याच पायाचा, असं नणंद म्हणते.
सासरे म्हणायचे, त्याच्याही आधीचा.
पाणी भरून दुधाच्या मापात ओतलं:
दोनशे ऐंशी मिली.
पोचा नसता तर किती, कोण जाणे.
घरातल्या चार लग्नांचे वडे
पोच्यासकटच फुगलेत.

तांदूळ, सपाट: दोनशे अडतीस.
तोच तांदूळ दळून आणला,
चक्कीची ऊब अजून पिठात:
एकशे अडुसष्ट.
पेला दोनदा आपटला, पीठ खाली बसलं,
वर आणखी घातलं: दोनशे दहा.
शिगोशीग भरला तर आकडा ठरेचना.
शीग ढासळत होती,
मी वहीत लिहीत होते, खोडत होते.

उडीद?
'मूठ.'
कवढी मूठ?
त्यांनी वाटीत मूठ सोडली. बेचाळीस.
परत. एकेचाळीस.
परत. बेचाळीस.
बोटं वाकलेली, एका पेराला बँडेज,
तरी बेचाळीस.
मग माझी: तीस. अडतीस. सव्वीस.
'तुजी मूठ अजून ठरली नाय गो.'

आणि पाणी?
'पीठ मागंल तवरा.'
जुना तांदूळ जास्त पितो, नवा कमी,
पावसाळ्यात पीठ आधीच पिऊन बसलेलं असतं.
मिलीलिटरचा रकाना मी रिकामा ठेवला.

मग त्यांनी स्वतःच
रिकामा पेला काट्यावर ठेवला.
तीनशे बारा.
सवयीने माझं बोट बटणावर गेलं.
शून्य.

'पेला हाय ना थं?'
आहे.
'मंग शून्य कसा?'
म्हटलं, भांडं धरायचं नसतं, आई,
आत घालू तेवढंच मोजायचं.
त्या बघत राहिल्या.
मग पेला उचलला.
वजा तीनशे बारा.

'आता ह्यो काय सांगतं?'
मला धड सांगता येईना.
म्हटलं, होता ते गेलं, असं.

खिडकीतून समोरचा टॉवर दिसतो,
तिथे पोडियमवर झोपाळे आहेत.
'थं आमचा पायलीचा शेत व्हता,'
त्या म्हणाल्या, कोथिंबिरीचा भाव सांगावा तशा.
एक पायली बी मावायचं त्यात.
कागदावर ते आधी गुंठे झालं,
मग चौरस मीटर, मग साडेबारा टक्के,
मग ही इमारत, चौथा मजला, हा ओटा.
एका पायलीचे चौरस मीटर किती,
मोबाइलवर काढता आलं असतं.
काढलं नाही.

दुपारी लेबल लिहिलं.
तांदळाचं पीठ पाचशे ग्रॅम, उडीद बेचाळीस,
मेथी, धणे, बडीशेप चवीपुरती,
पाणी आवश्यकतेनुसार.
त्यांनी मोठ्याने वाचायला लावलं.
'आवश्यकतेनुसार म्हंजी?'
पीठ मागेल तेवढं.
'मंग तसा लिव ना.'

केटरर खोडेल, मला माहीत आहे.
तसं लिहिलं.
काटा अजून वजा तीनशे बारावर होता,
आणि समोर बसून त्या
त्याच पेल्यातून पाणी पीत होत्या.