नऊ म्हणजे नऊच

पुन्ता अरेनासमध्ये वारा उठला
की रस्त्याच्या कडेला दोर बांधतात,
माणसांनी धरून चालावं म्हणून.
त्या दोराला धरत मी सभागृहापर्यंत आले,
पाठीवर लॅपटॉप, काखेत स्टिकरांचा खोका,
डोक्यात सत्तेचाळीस स्लाइड.

माझं काम काय, ते आईला अजून सांगता आलेलं नाही.
"म्हणजे शिकवतेस?"
थोडंसं.
"की विकतेस?"
तेही थोडंसं.
"मग प्रोग्राम कोण लिहितं?"
इथे मी चहाचा कप तोंडाला लावते.

जूनमधला शनिवार. अग्निशमन दलाचं सभागृह.
माणसं एकतीस, प्लग अकरा,
आणि एक राउटर, त्याला कुणीतरी
लोकरीची टोपी घातलेली.

मी नेहमीचं सुरू केलं :
एररचा मजकूर खालून वर वाचा,
घरून आलेल्या पत्रासारखा,
पैशांचं शेवटच्या ओळीत असतं.
व्हेरिएबलला नाव असं द्या
की रात्री तीनला उठवलेल्या माणसालाही कळावं.
x हे नाव नाही, ती टाळाटाळ आहे.
आणि अडलात तर मोठ्याने बोला,
कुणाशीही,
खुर्चीशीसुद्धा.

माना डोलल्या.
माना डोलवणं मला जमतं.
पगार बहुधा त्याचाच मिळतो.

जेवणानंतर दोन एवाल्दो बार्रिया उभे राहिले,
बोटीच्या तिकीटखिडकीवर एकोणतीस वर्षं काढलेले.
कोडबिड काही लिहीत नव्हते. तक्रार घेऊन आले होते.
"एप्रिल लागला की पोर्वेनीरची बोट
फोनमध्ये आठला सुटते.
धक्क्यावर नऊला.
बोट कुणाची चुकत नाही, यास्ना बाई,
पण त्या वाऱ्यात तासभर उभं राहावं लागतं."

आम्ही बोटीचं ते ॲप उघडलं, पडद्यावर मोठं केलं.
दोन टेबलं सर्व्हरला दोष देऊ लागली,
एक टेबल सरकारला.
मी म्हणाले, कॅश रिकामी करून बघा.
दुसरं काही सुचलं नाही की मी हेच म्हणते.

रायेन वेन्तेओ, वय चौदा,
भावाला न्यायला आलेली आणि हीटरपाशी रेंगाळलेली,
म्हणाली,
"ह्यात घड्याळ सांतियागोचं आहे.
ते हिवाळ्यात एक तास मागे जातं.
आपण नाही जात."

सभागृहात फक्त वारा ऐकू येत होता.
ती ओळ मी ओळखली.
तीन वर्षांपूर्वी, राजधानीतल्या माझ्या टेबलावर,
नमुना म्हणून मीच लिहिलेली,
खाली एक हसरा चेहरा टाकून :
'जशीच्या तशी वापरा!'
आणि लोकांनी वापरली होती, जशीच्या तशी.

यादीत आमच्या गावाचं स्वतःचं नाव आहे.
कधीपासून आहे.
मी जन्मले ह्याच गावात,
तिसऱ्या उतारावर, पत्र्याच्या निळ्या घरात.
काखेत कळसा म्हणतात तो
माझ्या स्टिकरांच्या खोक्याखालीच होता.

अठ्ठेचाळिसावी स्लाइड मी तिथेच बनवली.
चूक माझी. एवढंच लिहिलं.
मान कुणीच डोलवली नाही.
एक बाई हसली, मग बरेच जण हसले,
आणि मागच्या रांगेतला मुलगा, सकाळपासून गप्प,
स्वतःचा बिघडलेला प्रोग्राम घेऊन पुढे आला.

रायेनच्या उसन्या लॅपटॉपची बॅटरी चार टक्क्यांवर होती.
मी माझी वायर काढली, तिची लावली.
बदल एका ओळीचा.
खाली काय बदललं ते लिहायचं असतं.
तिने लिहिलं : हे सांतियागो नाही.

दोन एवाल्दोंनी मनगटावरचं घड्याळ
पडद्याशी दोनदा ताडून पाहिलं.
"ठीक," म्हणाले. मग टोपी घालता घालता,
"आणि तीन हिवाळे ज्या बायका उभ्या राहिल्या त्यांचं?"
त्यावर माझ्याकडे टिप नव्हती.

घरी आईने विचारलं, "काय केलंस दिवसभर?"
बोट दुरुस्त झाली, म्हटलं.
"तू केलीस?"
नाही, एका मुलीने.
"मग तू काय केलंस?"
मी प्लग मोकळा केला.

आई थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली.
मग फोन उचलून शेजारच्या मिर्ताबाईंना म्हणाली,
"ऐक, आता नऊ म्हणजे नऊच.
आणि तुझ्या बहिणीलाही सांग."