शिरोळचे काका

लाख दोन प्रकारची, दस्तगीरचाचा म्हणाले.
एक स्पिरिटमध्ये विरघळते.
दुसरीचं तुझं तू बघ.

मिरजेत, सतारीच्या गल्लीत,
संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ
मी भोपळ्यांना पॉलिश करतो.
भोपळे वाळून येतात, हलके, आतून रिकामे,
दहा तारखेच्या माझ्या खिशासारखे.
दिवसभर एक्स-रेच्या खोलीत
लोकांना सांगतो, श्वास घ्या, धरून ठेवा.
सोडा, असं मला कुणी म्हणायचं राहून गेलं होतं.

गाडी घेतली होती, जुनी, पांढरी.
सांगलीच्या शंभर फुटी रस्त्यावर
पहिल्याच आठवड्यात तिचं इंजिन बसलं.
मग दुरुस्तीला कार्ड. कार्डाला ॲप.
ॲपला पतसंस्था. पतसंस्थेला दाजी.
दाजींच्या बावीस हजारांना व्याज नव्हतं,
ते दिवाळीला जेवताना द्यावं लागायचं,
ताटात बघत.

वसुलीवाल्याचा नंबर मी
'शिरोळचे काका' म्हणून ठेवला.
काका सकाळी सातला करत, जेवताना करत,
एकदा सन्मतीच्या गॅदरिंगला, तिच्या नाचाच्या मधोमध.
"केवढा जीव आहे हो त्यांचा तुमच्यावर,"
पद्मा म्हणाली,
आणि एका रविवारी मी आंघोळीला गेलो असताना
तिनंच उचलला.

बाहेर आलो. ती ओरडली नाही.
सन्मतीची भूगोलाची जुनी वही काढली,
नद्यांच्या नकाशानंतरची कोरी पानं उघडली,
म्हणाली, सांगा. सगळी नावं.
मी तीन सांगितली.
ती पेन्सिल तशीच धरून बसली.
मी चौथं सांगितलं.

गाडी गेली कुपवाडच्या एका पोराला, भंगाराहून थोडी वर.
केबल तोडली. गीझर बंद.
पद्मा दवाखान्यातल्या पेशंटच्या माणसांना
भाकरी करून देऊ लागली.
विजापूरची माणसं, अथणीची माणसं,
पीठ त्यांचं असलं तर एक दर, आपलं असलं तर दुसरा.
लहान कर्ज आधी, ती म्हणाली,
हाताला सवय लागू दे.
म्हणून दाजी पहिले.
त्या दिवाळीला मी
श्रीखंड दुसऱ्यांदा मागून घेतलं.

सगळं सरळ झालं असं नाही.
पाचव्या महिन्यात मी एकवीसशेचे बूट घेतले
आणि वहीत लिहिलं, औषध.
"कसलं?"
"पायाचं."
तिनं ते खोडलं नाही. अजून आहे,
गॅसच्या खाली, फीच्या वर.

चपडीचा बोळा गोल गोल फिरवायचा,
थांबलास की डाग पडतो, चाचा सांगत.
पहिल्या हाताला काहीच दिसत नाही.
पाचव्यालाही नाही.
बाराव्या-तेराव्या हाताला कधीतरी
भोपळ्यात वरचा बल्ब दिसतो,
मग बोळा धरलेली बोटं,
मग त्यामागचा माणूस, वाकडा, पण ओळखू येणारा.
घाई केलीस तर चिकटेल, चाचा म्हणत,
आणि एका भोपळ्याचे दोनशे साठ
मोजून हातावर ठेवत, एकदाही उधार न ठेवता.

शिरोळचे काका पुढे पुढे
महिन्यातून एकदाच करत, तीन तारखेला.
आवाज तोच, पण आता 'अहो' म्हणत.

मंगळवारी शेवटचा हप्ता गेला.
बँकेतल्या बाईंनी दाखल्यावर शिक्का मारला,
शाई कमी होती, पुन्हा मारला,
आणि पुढच्या माणसाकडे बघितलं.
बाहेर यार्डाकडून हळदीचा उग्र वास येत होता,
मला वाटलं होतं काहीतरी होईल.
शिंक आली.
सिटी बसनं मिरजेला आलो
आणि साडेसहाला पाय आपसूक गल्लीत वळले,
एक तंबोरा अर्धा राहिला होता.

परवा जेवताना सन्मती म्हणाली,
"तीन तारीख उलटली. शिरोळच्या काकांचा फोन नाही.
गेले का?"
पद्माची भाकरी तव्यावर फुगत होती.
"हो," मी म्हटलं, "गेल्या मंगळवारी."

पद्मानं भाकरी उतरवली, हात पुसले.
"मग आधी आंघोळ करून घ्या," म्हणाली,
आणि तीन वर्षांनी
गीझरचं बटण दाबलं.