रस्स्याची वडी

डाकारजवळ, पिकीनला माझं दुकान.
भिंतीवर मल्ल हसतो,
दंडाला ताईत, चिमटीत रस्स्याची वडी.
हा कधी चुलीपाशी गेलाय की नाही, देव जाणे.

कोदू म्हणायची, चित्राला भुलायला
मी काय कुकुलं बाळ आहे?
आणि तीच वडी न्यायची
मासे-भातासाठी, वर्षभर.

रविवारी त्याच्या पाठीला वाळू लागली.
अकरा सेकंदांत.

सोमवारी कोदू आली,
भिंतीकडे न बघता म्हणाली,
"दुसरी दे. हिला आताशा चव नाही."
दिली.
दोन्ही एकाच कारखान्यातल्या,
खोकी मीच फोडतो.

रात्री जेवताना बायकोला विचारलं,
आज वडी कुठली घातलीस?
उगाच.
आणि घास जरा जास्त वेळ
जिभेवर धरून ठेवला.