डावी तर्जनी

नेमणुकीचे कागद आले त्या दिवशी
आमच्या स्टाफरूममध्ये तिघांना एकदम पाठदुखी झाली.
माझ्या ओळखीचा डॉक्टर नव्हता,
म्हणून मी मतदान अधिकारी क्रमांक दोन.

कंपूतली प्राथमिक शाळा, मे महिना,
भिंतीवर क से कबूतर, पंखा आवाजापुरता.
काम एवढंच : सही घ्यायची, चिठ्ठी द्यायची
आणि डावी तर्जनी धरून
नखावरून खाली शाईची रेघ ओढायची.

सकाळपासून ग्वाल्हेरची बोटं धरते आहे.
हळदीची, बिडीची, ग्रीस न निघालेली,
एका नवरीचं, मेंदी वाचवत पुढे केलेलं.
एका लोहाराला तर्जनीच नाही.
कुशवाह सर नियमांचं पुस्तक उघडेपर्यंत
त्यानंच मधलं बोट टेबलावर ठेवलं.
दर वेळी ठेवत असणार.
इतक्या परक्या माणसांचे हात
मी उभ्या जन्मात धरले नव्हते.

फाटकावर पाटी : मतदान आपका कर्तव्य है.
खाली कुणीतरी खडूनं : अवसर भी.
मी संस्कृत शिकवते. आमच्या घरात संधी म्हणजे मोका,
रस्त्यावरच्या हिंदीत संधि म्हणजे तह,
आणि सातवी ब-च्या फळ्यावर मी लिहिते :
दोन वर्ण खेटून आले
की एकाला तरी बदलावं लागतं.

दुपारी तीनला, रांग तुटलेली असताना,
मुकुंद तारे आले. दौलतगंजात चष्म्याचं दुकान.
शाई लावून घेतली, सही केली, चिठ्ठी घेतली,
यंत्राच्या पुठ्ठ्यापर्यंत गेले
आणि परत आले. 'नको.'

नोटा है न बाबूजी, सबसे नीचे, सर म्हणाले.
'तेही बटणच.'
मग माझ्या बिल्ल्यावरचं आडनाव वाचून मराठीत,
घरच्या माणसाला सांगावं तसं :

'एकदा पोलिसांनी दुकानातून उठवून नेलं. पंच हवा होता.
विटांच्या ढिगातून सुरी काढली, कागदावर सही घेतली.
पाच मिनिटांचं काम, म्हणाले.
अकरा वर्षं तारखा.
शेवटी वकील हसून म्हणाला, चष्मे विकता,
स्वतः नीट पाहिलं होतं का?
सुरी पुढे धरली. हीच का?
मी म्हटलं, असावी.
त्या असावीचं पुढे काय झालं
ते ऐकायला थांबलो नाही.
आज पहिल्यांदा, बाई,
सही केल्यावरसुद्धा माघारी जाता येतंय.'

सरांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : मत देने से इनकार.
तारेंनी खाली सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.
दारातून बाहेर पडताना
त्यांचं बोट चारचौघांसारखंच जांभळं.

मला राग आला. का, ते अजून धड सांगता येत नाही.
उन्हात दीड तास उभा राहिलेला लोहार आठवला.
मग ती सुरी आठवली,
जी मी पाहिलेलीही नाही.

पावणेसहाला सर म्हणाले, मॅडम, आपका रह गया.
ड्यूटीचं प्रमाणपत्र पर्समध्येच होतं,
डब्यातल्या लोणच्याचं तेल लागलेलं.
माझा उजवा हात शाईनं बरबटलेला,
त्याच्यावरून ठरवलं तर मी शंभरदा मत दिलेलं.
डावी तर्जनी कोरी.
माझी मीच लावायला गेले तर जाटव,
तो पोरगेला पटवारी, म्हणाला,
ऐसे नहीं चलेगा, आणि कुपी ओढून घेतली.
त्यानं माझं बोट धरलं.
फार घट्ट. दिवसभर मी कसं धरत होते
ते तेव्हा कळलं.

सही केली. चिठ्ठी घेतली.
पुठ्ठ्यापर्यंत चार पावलं.
तिसऱ्याला मी थांबले,
परत फिरता येतंय ना, एवढंच बघायला.
येत होतं.
मग चौथं टाकलं.