बूड

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात
सुकी सुंगटं संपून मातीची भांडी सुरू होतात
त्या बोळात गुणावती बसायची.
कायतान सरांनी तिला दोन टोपल्या सांगितल्या,
बुडाशिवाय.

तिने कोयती खाली ठेवली.
"बूड नाशिल्ली पांटली?
ती पांटली न्हय बाबा, तें कडें."
सर हसले. कडीच तर हवी होती त्यांना.
पणजीहून लोखंडाच्या दोन यायच्या होत्या,
दोन पावसाळ्यांत आलं ते एक पत्र.

मी तेव्हा सातवीत,
सायकलच्या दांडीवर बसून ऐकत होतो.
ती म्हणाली, बूड नको तर सुरुवात कुठून करू?
सहा बेळ आडवे, सहा उभे,
टोपली बुडातून वर येते, झाडासारखी.
मी बूड घालणार. तुला नको तर तू काप.
पैसे तिने पुरे घेतले.

मयेच्या शाळेमागे माडाचे दोन खांब,
दहा फुटांवर टोपल्या.
दहाच का? सर म्हणाले,
त्या दूरच्या व्यायामशाळेचा सज्जा तेवढ्यावर होता म्हणून.
बाहेर बर्फ, आत अठरा कंटाळलेली पोरं,
मास्तरला चौदा दिवसांची मुदत.
त्याने शिपायाकडे खोकी मागितली,
शिपायाला सापडल्या पीचच्या टोपल्या.
पीच म्हणजे काय, लुर्दीनने विचारलं.
सरांनीही खाल्लं नव्हतं.
आंब्यासारखं असेल, म्हणाले, पण केसाळ.

खोकी सापडली असती तर
आम्ही आज काय खेळलो असतो, हे मी अजून
अधूनमधून मनात घोळवतो.

नियम तेरा. चेंडू फुटबॉलचाच,
आणि त्याला पाय लावायचा नाही!
हातात घेऊन धावायचंही नाही.
गोव्याच्या पोरांना हे सांगणं
म्हणजे माशाला पायरी चढ म्हणणं.
पहिल्या तासाला आम्ही नुसते खांबासारखे उभे,
एकमेकांकडे बघत.

मग चौघांनी घेरल्यावर लुर्दीनने
चेंडू हातातून सोडला, जमिनीवरून वर आला तसा पुन्हा धरला,
सोडला, धरला, आणि सरकली पुढे.
"फावल! फावल!" आम्ही ओरडलो.
सरांनी वही उघडली, तेराही नियम बोटाने तपासले.
धावू नका असं होतं.
सोडू नका असं कुठेच नव्हतं.
तिकडेही कुणीतरी असंच अडकलं असणार,
ते म्हणाले, आणि वही मिटली.

टोपलीत चेंडू पडला की राहायचा.
रोहिदास पाडेल्याचा मुलगा,
पायात काथ्याचा फास घालून सरसर वर जायचा,
चेंडू खाली टाकताना सवयीने ओरडायचा,
"बाजूक सरात!"
तेवढ्यात कुणी पाणी पिऊन यायचं,
कुणी आधीच्या गुणावरून भांडण उकरायचं.
खनिजाची लाल धूळ घामावर बसायची.
सगळ्या दुपारीत एक, फार तर दोन.
सर म्हणाले, तिथला पहिला सामनाही
एकाच टोपलीवर संपला होता.

बूड कापायला आम्ही नाताळापर्यंत थांबलो.
तिकडे तर वर्षानुवर्षं शिडी लावत राहिले म्हणे,
कुणाच्या डोक्यात आलंच नाही.
की आलं असेल, पण विणणारीचा चेहरा
ज्याला आठवत होता, त्याला कोयती लावता आली नसेल?
कोयती शेवटी रोहिदासने लावली.
त्याचंच काम त्यामुळे गेलं.

ती दोन बुडं मी गुणावतीला नेऊन दिली.
यातून पुन्हा टोपली होईल?
तिने बोटांनी कापलेली टोकं चाचपली.
"जाणार ना," म्हणाली,
आणि एक आपल्या पेजेच्या मडक्यावर झाकण ठेवलं.
दुसरं मला परत दिलं. का, ते सांगितलं नाही.

आता मी शिट्टी घालून फिरतो,
फोंड्यात, मडगावात, दिव्याखालच्या गुळगुळीत लाकडावर.
काचेचा फळा, पांढरी जाळी, मिनिटाला दोन-तीन टोपल्या.
चेंडू जाळीतून सुटतो
आणि मी क्षणभर वरच बघत राहतो.
खेळाडू कधीच पुढे गेलेले असतात.