कार्ड सापडत नाही

गुंडेटींच्या टॉवेल कारखान्यात, अक्कलकोट रोडला,
पोटमाळ्यावरचा तो संगणक माझ्या लग्नाहून जुना.
विंडोज त्याला झेपेना, म्हणून गेल्या दिवाळीत मीच
हलकी सिस्टिम घालून दिली होती,
कोपऱ्यात उंदराचं चित्र असलेली.
आज सकाळी फोन : अक्का, पडदा काळा.
नुसती एक रेघ डोळे मारतीय.

वर चढले. मे महिना, पत्र्याखाली चव्वेचाळीस.
खाली अठरा माग खडखडतात,
त्यांच्या हादऱ्यानं टेबलावरचा माउस
आपला आपणच कडेला सरकतो.

काय केलं होतं?
काही नाही, म्हणाला विनय.
सगळे आधी हेच म्हणतात.
मग खाली बघून : मोर जरा गुळगुळीत दिसावा म्हणून
व्हिडिओ बघून नवीन ड्रायव्हर टाकला.

शिफ्ट दाबून धरली.
ओळीच्या टोकाला एक शब्द जोडला, नोमोडसेट,
म्हणजे : बाबा रे, हुशारी नको,
जमेल तसं दाखव.
दाखवलं त्यानं. आठशे बाय सहाशे.
मोराचं बदक झालेलं,
काठावरची वेल फुगून पडवळ.

राजय्या चहा घेऊन आले. एमैंदी?
चाळीस वर्षं जेकार्डची कार्डं टोचली त्यांनी,
आता डोळ्यांत मोतीबिंदू, वाचतात बोटांनी.
पडद्यावर नोंदी धावत होत्या, सातशेवर ओळी.
मी मोठ्यानं वाचत गेले,
आणि एका ओळीशी थांबले : कार्ड सापडत नाही.
किती नंबरचं? राजय्यांनी विचारलं.
विनय हसला. मीही.
ते हसले नाहीत.
सापडत नसेल तर पुढं बघू नको, म्हणाले,
कापड बिघडलं तिथून मागं मोज.

मागं मोजलं.
मंगळवार, रात्री नऊ सतरा.
नवा आला, जुन्याला काळ्या यादीत टाकलं,
त्याच्या जागी बसला,
आणि बसल्यावर या म्हाताऱ्या कार्डाला
ओळखच देईना.
(सासरी मला पहिल्या वर्षी असंच. जाऊ दे.)

नव्याला काढलं. यादीतलं नाव खोडलं.
बंद. चालू.
पंख्याचा घरघराट, काळं,
अजून काळं,
विनयच्या हातातला कप तसाच,
मग उंदीर.
मग पूर्ण रुंदीचा मोर, मान ताठ,
पिसाऱ्याचा प्रत्येक चौकोन आपल्या घरात.

फक्त चित्र वर सरकवलं की मधोमध फट पडते,
मान पुढं जाते, पोट क्षणभर मागं राहतं.
सावल्या बंद केल्या, झिरझिरीतपणा बंद केला,
फट बारीक झाली. गेली नाही.
कापडात येईल का?
कापडात नाही येणार.
मग राहू दे, म्हणाला विनय.
मला राहवेना, अजून अर्धा तास घालवला.
राहिलीच.

निघताना तो म्हणाला, तो शब्द लिहून द्या,
परत झालं तर.
कागद नव्हता. रद्दीतलं जुनं कार्ड दिलं त्यानं.
इंग्रजीत लिहिलं मी, ठळक अक्षरांत.
शब्दात दोन ओ,
दोन्ही नेमके भोकांवर आले.

राजय्यांनी ते हातात घेतलं,
अंगठा फिरवला डावीकडून उजवीकडे,
माझ्या शाईवरून सरळ पुढं,
आणि म्हणाले, हे तर कमळ.
देठ संपून पाकळी सुरू होते ना,
तिथलं.